झाडांमधून स्नोमोबाईल चालवायला कसं शिकावं? बडोद्यात राहून आधी काही तयारी करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गेल्या हिवाळ्यात भावाकडे ब्रिटिश कोलंबियात गेला होतात, तयार ट्रेलवर स्लेड, म्हणजे स्नोमोबाईल, छान जमली, पण झाडांत शिरल्यावर ती वळेचना, उताराकडे घसरत राहिली आणि निम्मा दिवस ती खणून काढण्यात गेला. आता जानेवारीत परत जाताय आणि तोवर बडोद्यातच आहात. मीही बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. लग्नानंतर काही वर्षं ब्रिटिश कोलंबियातल्याच रेव्हलस्टोक गावी होते, तिथले हिवाळे बहुतेक स्लेडवरच गेले. आता परत इथे आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते.

झाडांतलं चालवणं झाडांत जाऊन शिकता येत नाही, हे माझं ठाम मत आहे. स्लेड कलवणं, कललेली धरून ठेवणं, थांबवणं, थांबलेली पुन्हा काढणं हे मोकळ्या बर्फात इतकं अंगवळणी पडायला हवं, की झाडांत शिरल्यावर हातापायांकडे लक्षच द्यावं लागू नये. तिथे डोळ्यांना एकच काम असतं: पुढची फट कुठली, आणि ती हुकली तर थांबायचं कुठे. हातपाय अजून शिकत असतील तर डोळे स्लेडच्या नाकावर येतात, आणि तेवढ्यात झाड येतं.

तुमची स्लेड वळली नाही, ती का? ट्रेलवर बर्फ दाबलेला असतो. पुढच्या दोन स्की त्याला धरतात, हँडल वळवलं की स्लेड वळते. ताज्या मऊ बर्फात स्कींना धरायला काही नसतं. स्लेड मागच्या ट्रॅकवर, म्हणजे फिरत्या रबरी पट्ट्यावर, तरंगत असते आणि ती वळते कलल्यामुळे, ट्रॅकची एक कड बर्फात रुतल्यामुळे. म्हणजे डावीकडे जायचं तर बसून हँडल डावीकडे ओढून काही होणार नाही. उभं राहायचं, वजन डाव्या रनिंग बोर्डावर, म्हणजे बाजूच्या पाय ठेवायच्या फळीवर, टाकायचं, हँडल उजवीकडे वळवायचं आणि त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने गॅसचा छोटा झटका द्यायचा. स्लेड डावीकडे कलते आणि त्याच बाजूला वळायला लागते. हे काउंटरस्टीअर. मोटारसायकल थोड्या वेगात असते तेव्हा तुमचे हात हेच करत असतात, फक्त इतकं थोडं की लक्षात येत नाही.

कलल्यावर ती तशीच धरून ठेवणं हा पुढचा भाग, आणि तो पायांचा आहे. डाव्या बाजूला कललेली स्लेड धरायची तर उजवा पाय डाव्या बोर्डावर, बराच पुढे, आणि डावा पाय बाहेर मोकळा, गरज पडली तर बर्फात ओढत. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं. पण उजवा पाय आपल्या जागी उजव्या बोर्डावर राहिला, तर तुमचं निम्मं वजन स्लेडला पुन्हा सपाट बसवायला बघतं. डोंगराच्या कुशीने आडवं जाताना, म्हणजे साईडहिल करताना, हेच सगळं वरच्या बाजूला करायचं: वजन चढाकडे, हँडल किंचित उताराकडे, उताराकडची स्की हवेत. तुम्ही खाली घसरत होतात, कारण स्लेड सपाट होती. सपाट स्लेड उतारावर आडवी टिकतच नाही.

या स्लेड दोनशे किलोच्या आसपास तरी असतात. मी उंचीने कमी, वजनाने हलकी, तरी मला हे जमलं, कारण ताकदीने ती कलत नाही. योग्य क्षणी दिलेला गॅस आणि वजनाची जागा, एवढ्यावर ती कलते. दंड भरून आले असतील तर तुम्ही ओढताय असं समजा, आणि पायांकडे या.

अंगठ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण झाडांत बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. स्लेडला गिअर नसतात. क्लच आपोआप लागतो, बऱ्याच माउंटन स्लेडमध्ये 3500 ते 4000 आरपीएमच्या आसपास. तोवर गाडी जागची हलत नाही आणि मग एकदम पुढे झेपावते. घाबरून अंगठा सोडला की स्लेड बर्फात बसते, बसली म्हणून पुन्हा दाबला की उडी मारते. तिसऱ्या उडीला समोर झाड असतं. म्हणून क्लच लागतो त्याच्या किंचित वर, चालण्याच्या वेगात, गॅस एकसारखा धरायला शिका. ज्या बाईंनी मला शिकवलं त्या पन्नाशीच्या होत्या, आणि त्यांनी मला झाडांत नेण्याआधी एका सपाट कुरणात नुसत्या गोल फेऱ्या मारायला लावल्या. बर्फात एक पिशवी टाकली आणि तिच्याभोवती स्लेड कलवून फिरायचं, वर्तुळ लहान लहान करत आणायचं. मग उजवीकडून तेच. मग दोन पिशव्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठ. उजवी बाजू बहुतेकांना जड जाते, कारण गॅसचा अंगठा त्याच हाताला आहे आणि अंग त्या बाजूला झुकलं की मनगट दुमडतं. तुम्ही दोन्ही बाजू सारख्या होईपर्यंत थांबा. झाडं तुम्हाला सोयीच्या बाजूनेच वळू देतील असं नाही.

त्याच कुरणात थांबणंही शिका. सांगितल्या जागी थांबायचं, स्लेड बर्फात न पुरता, आणि तिथूनच पुन्हा निघायचं. थांबताना स्लेडचं तोंड उताराकडे किंवा आडवं हवं. चढाकडे तोंड करून मऊ बर्फात थांबलात की निघताना ट्रॅक खड्डा करतो आणि तुम्ही तिथेच अडकता. झाडांत मी प्रत्येक वेळी आधी थांबायची जागा बघायची आणि मग तिथपर्यंतची वाट. दोन जागांच्या मधलं अंतर कमी ठेवलं की डोकं शांत राहतं.

नजरेबद्दल बडोदेकराला फार सांगावं लागत नाही. मंगळबाजारात दिवाळीच्या गर्दीत स्कूटर काढताना आपण माणसांकडे बघत नाही, माणसांमधल्या जागेकडे बघतो. झाडांतही तसंच. ज्या झाडाची भीती वाटते त्याच्याकडे बघत राहिलात तर हात स्लेडला तिकडेच नेतात. फट बघा, आणि पहिल्या फटीत शिरण्याआधी नजर दुसरीवर गेलेली असू दे. फट हुकतेय असं वाटलं तर तिच्यात घुसवू नका. स्लेडचं तोंड उताराकडे सोडा, मोकळ्या जागी या, पुन्हा सुरुवात करा. ही सुटकेची वाट आधी बघून ठेवलेली नसेल तर त्या फटींच्या मार्गाने जाऊच नये.

कुठली झाडं, हेही महत्त्वाचं. त्या भागात खालच्या उंचीवर सीडर आणि हेमलॉकचं दाट रान असतं, त्यात शिकायला जाऊ नका. वर गेलं की स्प्रूस आणि सबअल्पाइन फर लागतात, झाडं विरळ होत जातात, मधे मधे कुरणं असतात. सौम्य उताराचा असा भाग शिकायला उत्तम. ओढ्याच्या घळीत मात्र कुणाच्या मागे उतरू नका. मऊ बर्फात खाली जाणं कुणालाही जमतं. वर येण्याची वाट दिसत नसेल तर पुढचा माणूस कितीही चांगला चालवत असो, तुम्ही वरच थांबा.

स्लेड अडकली की लगेच गॅस सोडा. ट्रॅक जितका फिरेल तितकी ती खाली जाते. उतरून आधी तिच्या पुढचा बर्फ पायांनी दाबून वाट करा. मग रनिंग बोर्डाखालचा बर्फ फावड्याने बाजूला काढा, कारण स्लेडचं पोट त्याच्यावर टेकलेलं असतं आणि ट्रॅकपर्यंत वजनच पोचत नाही. मग मागचा भाग एका बाजूला ओढून खड्ड्यातून बाहेर घ्या, जोडीदाराला एका स्कीजवळ बाजूला उभं करून ती ओढायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभं राहून हलक्या अंगठ्याने गॅस द्या. ट्रॅकच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. घाई न करता केलं तर दम कमी जातो. घाम आला की तो अंगावर गारठतो, म्हणून खणायच्या आधी वरचं जाकीट उघडा, आणि आतले कपडे सुती नकोत.

आता जे मी कुणालाही सोडू देत नाही ते.

सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात, त्यामुळे बुंध्याभोवती भुसभुशीत पोकळी राहते. वरून ती दिसत नाही. स्लेडवरून पडलेला माणूस त्यात डोकं खाली करून गेला तर एकट्याने बाहेर येणं बहुतेकांना शक्य होत नाही, आणि गुदमरायला वेळ लागत नाही. पडताना बुंधा किंवा फांदी पकडा, डोकं वर ठेवा, तोंडासमोर हाताने जागा करा. खरा बचाव एकच, जोडीदार नजरेच्या टप्प्यात. झाडांत दोन मिनिटांत माणूस दिसेनासा होतो, म्हणून रेडिओ हवा, आणि हाकेला उत्तर आलं नाही तर लगेच मागे फिरायचं. टेदरची दोरी जाकिटाला अडकवलेली असलीच पाहिजे, म्हणजे तुम्ही पडलात की इंजिन बंद होतं.

झाडं आहेत म्हणजे हिमस्खलन होणार नाही, हा समज धोक्याचा आहे. स्लेड जाईल इतकी विरळ झाडं असतील तर बर्फही तिथून घसरू शकतो, आणि मग माणूस बुंध्यांवर आपटत खाली जातो. 2010 च्या मार्चमध्ये रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर स्लेडवाल्यांच्या मेळाव्यावर हिमस्खलन आलं, 2 जण गेले, कित्येक जखमी झाले. गावात ते कुणी विसरलेलं नाही. तुम्ही जायच्या आधीच एएसटी-1 चा, म्हणजे हिमस्खलनापासून बचावाचा पहिला, कोर्स नोंदवून ठेवा. तो साधारण 2 दिवसांचा असतो आणि खास स्लेडवाल्यांसाठीही घेतात. ट्रान्सीव्हर (बर्फात गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे, आणि ट्रान्सीव्हर अंगावर, स्लेडच्या पिशवीत नव्हे. मोबाईल त्याच्यापासून निदान 20 सेंटिमीटर दूर, आणि शोध घेताना 50. रोज सकाळी अॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा हिमस्खलनाचा अंदाज वाचायचा, त्यात धोक्याच्या 5 पायऱ्या असतात. मी स्वतः तिसऱ्या पायरीला, म्हणजे 'कन्सिडरेबल'ला, तीव्र उताराच्या झाडांत जात नाही आणि नवख्याला तर नेतच नाही. शिकायला सपाट कुरण त्या दिवशीही मिळतं.

काही भाग कॅरिबूंसाठी, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरसाठी, बंद असतात. नकाशा भावाला मोबाईलवर उतरवून ठेवायला सांगा आणि ती हद्द पाळा. जानेवारीच्या सुरुवातीला तिथे सूर्य फार लवकर मावळतो, तेव्हा दोननंतर नवीन घळ, नवीन रान काही नको.

आता बडोद्यातली तयारी. सगळ्यात उपयोगी पडतात पाय आणि कंबर. बैठका, एका पायावर उभं राहून वाकणं, आणि जमलं तर मल्लखांब. जुम्मादादा व्यायाम मंदिर जवळ असेल तर तिथेच जा. मांड्यांची पकड आणि अंग आवळून तोल सांभाळणं हे मल्लखांबाइतकं कशानेच येत नाही, मला त्याचा स्लेडवर रोज उपयोग झाला. दुसरं, हलकी मोटारसायकल. मही नदीच्या कोतरांत, म्हणजे घळींत, किंवा पात्रातल्या वाळूत, पायदाणांवर उभं राहून, अगदी हळू वेगात चालवा. वाळूतही पुढचं चाक नुसत्या हँडलने वळत नाही, गाडी कलवावी लागते आणि गॅस सोडून चालत नाही. हेल्मेट घाला, गुडघ्याचे पॅड घाला, आणि सोबत कुणाला तरी न्या.

गुलमर्ग किंवा सोलांगला जाऊन सराव होईल का, असंही विचारलंत. बर्फाची, थंडीची सवय व्हायला जरूर जा, पण पर्यटकांना देतात ती फेरी दाबलेल्या बर्फावरची आणि बहुतेकदा चालक सोबत असतो. झाडांसाठी त्यातून फार हाती लागत नाही. त्या पैशात तिकडे एक दिवस जास्त शिकवणी घ्या.

भाड्याने कुठली घ्यावी? 850 सीसी इंजिनाचा हट्ट नको. 600 च्या वर्गातली माउंटन स्लेड शिकणाऱ्याला पुरते आणि अंगठा चुकला तरी ती कमी झेपावते. ट्रॅक 154 इंचांच्या आसपास लांबीचा मागा. 165 चा मऊ बर्फात जास्त तरंगतो, पण अरुंद जागी वळवायला जड जातो. निघण्याआधी दुकानाच्या आवारातच उभं राहून हँडलची उंची बघा. उभ्याने कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजेत. ब्रेक डाव्या हाताला आहे, तो एका बोटाने ओढता येतोय का पाहा, टेदर ओढून इंजिन बंद होतं का पाहा, आणि जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणारा पट्टा) स्लेडमध्ये आहे ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.