मातीच्या विटांचं घर हवंय, पण किल्लारीची भीती जात नाही

प्रश्न: नमस्कार, आम्ही औसा तालुक्यातले. शेतात तीन खोल्यांचं घर बांधायचंय, मला आणि मिस्टरांना मातीच्या विटांचं गार घर हवंय पण सासरे ऐकतच नाहीत. त्यांनी ९३ चा भूकंप बघितलाय, म्हणतात मातीत माणसं गाडली गेली, स्लॅबच टाका. काय करावं?

उत्तर: ताई, सासऱ्यांचं बोलणं अजिबात उडवून लावू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपलेले, जवळपास आठ हजार माणसं गेली. पण तिथं नक्की काय पडलं तेही बघा. भिंती दोन-अडीच फूट आणि कुठे त्याहून जाड, बाहेरून दगडांची एक रांग, आतून एक, मध्ये चिपा नि माती, आणि दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नाही. हादऱ्याने रांगा एकमेकींपासून सुटल्या, आणि माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकून केलेलं सपाट छप्पर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं वर टाकत गेलेली फूट-दोन फूट माती सगळी खाली आली. ज्या घरांचे लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचे सांगाडे, मजबूत होते तिथं भिंती ढासळूनही बऱ्याच ठिकाणी माळवद खांबांवर उभं राहिलं, सासऱ्यांना विचारा, त्यांनी पाहिलं असेल. माझं स्पष्ट मत आहे, जीव घेतले ते वजनाने आणि सांधा नसलेल्या भिंतींनी.

आणि खालची भिंत तशीच कच्ची असेल तर स्लॅब कसा वाचवणार? तो तर जडच.

तुमची वीट वेगळी. वाळूमिश्रित माती, त्यात साधारण ५ ते ८ टक्के सिमेंट, हाताच्या मशीनमध्ये दाबायची, भट्टी लागत नाही, पण चार आठवडे ओली ठेवायची, इथे घाई नको. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला अशा विटांच्या तीन-चार मजली इमारती आहेत. शेतातली काळी माती मात्र वापरू नका, भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. काचेच्या बरणीत माती नि पाणी हलवून ठेवा, वाळू मिनिटभरात तळाला बसते, तो थर अर्ध्याहून बराच कमी दिसला तर वाळू मिसळावी लागेल. पायाही काळ्या मातीत थांबवू नका, मुरूम लागेपर्यंत खणा.

खरं महत्त्वाचं आरसीसीचे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचे पट्टे. जोत्यावर, लिंटेलला म्हणजे दार-खिडक्यांच्या लगेच वर, आणि भिंतीच्या माथ्यावर, तिन्ही सलग घरभर फिरले पाहिजेत, कोपऱ्यांत उभी सळई. गवंडी म्हणेल लिंटेल दार-खिडकीपुरतीच टाकू, पैसे वाचतील, तिथं ऐकू नका!! दार-खिडक्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब, वर हलकं पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर, चांगलं बांधलेलं. डिझाइन एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि पट्ट्याचं काँक्रीट ओतायच्या आधी सासऱ्यांना साइटवर नेऊन सळया दाखवा, त्यांच्या शंका तिथंच इंजिनिअरला विचारू द्या.