ताप उतरला, पण आईची झोप उडाली

ती पहिल्यांदा आली तेव्हा पर्समध्ये दोन थर्मामीटर होते आणि एक छोटी वही. वहीत आदल्या रात्रीच्या चौदा नोंदी. मुलाला ताप नव्हताच.

दोन महिन्यांपूर्वी तिच्या दीड वर्षाच्या मुलाला तापात आकडी आली होती. डोळे वर गेले, अंग ताठलं, हातपाय झडू लागले, ओठ काळेनिळे पडले. "मला वाटलं, तो गेलाच." हे वाक्य मी अनेक आईबापांकडून ऐकलंय. 'असं बोलू नका' म्हणून ते मध्येच तोडू नये, पुरतं बोलू द्यावं.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून सगळं समजावलं होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते. साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, पुढे अपस्मार, म्हणजे ताप नसतानाही वारंवार आकडी येण्याचा आजार, होण्याची शक्यताही फार थोडी. तीनातल्या एका मुलाला पुन्हा येऊ शकते. तिच्या डोक्यात राहिलं ते एवढं शेवटचंच.

"म्हणून मी जागते. ताप चढायच्या आत औषध दिलं की येणार नाही ना?"

इथे मला तिला दुखवावं लागलं. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळेलच असं नाही. कधी कधी ताप आहे हे कळतं तेच आकडी आल्यावर. म्हणजे त्या रात्रीही तिचं काही चुकलं नव्हतं. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली, मग रडली.

आकडी किती वेळ होती? "अर्धा तास तरी." नवऱ्याने मोबाइल काढला. आकडी सुरू होताच त्याने डॉक्टरांना फोन लावला होता, आणि मूल रडू लागल्यावर ठेवला होता. दोन मिनिटं दहा सेकंद. त्याची बोच वेगळीच होती: दातखीळ सोडवायला त्याने चमचा घातला होता.

मग जमिनीवर उशी ठेवून आम्ही सराव केला. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, तर रुग्णवाहिका. त्याच दिवशी पुन्हा आली, एकाच बाजूला झटके आले, नंतर मूल नीट शुद्धीवर येईना किंवा मान ताठ वाटली, तरी तडक दवाखाना. सराव तिने तीनदा केला, त्याने पाचदा.

पुढच्या महिन्यात मुलाला ताप येऊन गेला. आकडी आली नाही. वहीत त्या रात्रीच्या चार नोंदी होत्या, पहाटे तीननंतर एकही नाही.

"झोप लागली हो," ती ओशाळून म्हणाली.