त्रिशंकूतला 'त्रि' कुठून आला?

नाशिकरोडच्या एका ताईंनी विचारलंय, "विधानसभा त्रिशंकू झाली म्हणतात ते तिरंगी लढत झाली म्हणून का? मग लढत चौरंगी असेल तर काय म्हणायचं?"

नाही हो ताई! तीन पक्षांचा इथे काडीचा संबंध नाही. दोनच पक्ष असले आणि दोघांच्या जागा सारख्या आल्या, तरी सभागृह त्रिशंकूच. दोष तुमचा नाही म्हणा. दर निकालाच्या दिवशी टीव्हीवर कोणीतरी तीन बोटं नाचवत "म्हणूनच त्रिशंकू" असं ठासून सांगतो आणि इकडे माझा चहा गार होतो. पुराणातला त्रिशंकू राजा स्वर्गात शिरेना, पृथ्वीवर परतेना, अधांतरी लटकला, एवढंच त्या शब्दात आहे. महापालिकेत नाही नि ग्रामपंचायतीतही नाही अशा वस्तीला 'त्रिशंकू भाग' म्हणतात, तिथे कोणी तीन मोजत बसत नाही.

खरी गंमत 'शंकू'त आहे. शाळेतला शंकू आइस्क्रीमच्या कोनासारखा. पण जुना अर्थ खुंटी, मेख. जमिनीत काठी रोवून सावलीवरून दिशा आणि वेळ काढत, त्या काठीलाही शंकूच म्हणत. मग या तीन खुंट्या कोणत्या? महाभारताला जोडलेला हरिवंश ग्रंथ म्हणतो, या राजाची तीन पापं: बापाला दुखावलं, वसिष्ठांची गाय मारली, आणि तिचं मांस प्रोक्षण (मंत्राचं पाणी शिंपडून शुद्धी) न करताच खाल्लं. बरेच जाणकार हेच उतरवून मोकळे होतात. मला पटत नाही. रामायणाच्या बालकांडात तो पहिल्यापासून त्रिशंकूच आहे आणि या तीन पापांचा तिथे उच्चारही नाही. नाव आधीच होतं, हिशेब मागाहून जुळवला.

माझं म्हणणं, खुंट्या आकाशात आहेत. त्रिशंकू नावाचा एक तारकासमूहही आहे, 88 तारकासमूहांतला सर्वांत लहान. पतंगासारखे चार तारे, युरोपच्या खलाशांना त्यात क्रूस दिसला. पण चौथा तारा बाकीच्यांहून मंद आहे. आपल्याकडून हा समूह दक्षिण क्षितिजाला टेकलेला दिसतो, तिथल्या धुरळ्यात आधी तो चौथाच बुडतो. उरल्या तीन ठसठशीत मेखा! शिवाय सर्वांत तेजस्वी तारा अगदी तळाशी, म्हणजे डोकं खाली, पाय वर. रामायणातला राजा असाच उलटा लटकलाय. माझे एक संस्कृतज्ञ स्नेही म्हणतात, गोष्ट आधी, ताऱ्यांना नाव नंतर. म्हणोत बापडे. त्यांनी पोथीतून मान वर काढून दक्षिणेकडे कधी पाहिलंय, असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही पाहा. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास, शहराचे दिवे मागे टाकून, दक्षिण मोकळी असेल अशा जागी उभ्या राहा. हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा. नाशिकहून तळाचा तारा जेमतेम 7 अंशांवर येतो, म्हणजे मुठीच्याही आत. वरचा तांबूस तारा मुठीच्या थोडा वर. डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन झगझगीत तारे याच्याकडेच बोट दाखवतात.

पांडवलेण्यांपाशी गेलात तर आणखी एक 'त्रि' भेटेल. तिथल्या सातवाहनकालीन, म्हणजे सुमारे एकोणीसशे-दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखात डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. तो लेख कोरला तेव्हा, पृथ्वीचा अक्ष हळूहळू डुलतो म्हणून, त्रिशंकू इथून आजच्यापेक्षा सुमारे 10 अंश वर दिसत होता. धुरळ्याच्या बराच वर. म्हणजे तो चौथा ताराही तेव्हा चांगला दिसत असणार...

हे मात्र माझ्या त्या स्नेह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.