पेटंटचं नाव निघालं म्हणून वॉशिंग्टन गाठू नका

फेडरल सर्किट या वॉशिंग्टनमधल्या केंद्रीय कोर्टात नेमकं काय जातं, हा एकच गोंधळ अमेरिकेतल्या मराठी वाचकांकडून इतक्यांदा येतोय, की एकत्रच उत्तरं देते.

प्रश्न : एच-१बी नाकारला. फेडरल सर्किटमध्ये अपील करू का?

उत्तर : नाही. इमिग्रेशनचा वकील गाठा.

प्रश्न : आमच्या मसाल्यांचं नाव दुसऱ्याने वापरलं. न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात ट्रेडमार्कचा खटला हरलो. आता?

उत्तर : थर्ड सर्किट, म्हणजे तुमच्या भागाचं अपिलाचं फेडरल कोर्ट, फिलाडेल्फिया. ट्रेडमार्क ऑफिसच्या बोर्डाने नोंदणी नाकारली असती, तर फेडरल सर्किट.

प्रश्न : कंपनी माझ्या पेटंटची रॉयल्टी देत नाही. मित्र म्हणतो, पेटंट आलं की थेट फेडरल सर्किट.

उत्तर : या मित्राने माझं निम्मं आयुष्य खाल्लंय! एक तर ते अपिलाचं कोर्ट आहे. तिथे खटला सुरूच होत नाही. १९८२ साली ते स्थापन झालं ते देशभरातल्या पेटंट खटल्यांची अपिलं एका जागी यावीत म्हणून, पण खटला पेटंटचा की नाही हे दाव्यात काय मागितलंय त्यावर ठरतं. थकलेली रॉयल्टी म्हणजे साधा करारभंग, राज्याच्या कायद्याचा. वकिलाने पेटंटचा खटला घालवला म्हणून त्याच्यावर केलेला दावासुद्धा राज्याच्या कोर्टातच, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं. उलट ओरॅकलने गुगलवर केलेला खटला बघा. पेटंटचा भाग ज्युरीपुढेच संपला, अपिलात वाद उरला कॉपीराइटचा, तरी ते फेडरल सर्किटकडेच गेलं. कारण मूळ दाव्यात पेटंट होतं. शिवाय २०११ च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, अपील फेडरल सर्किटकडे जाणार का हे ठरवताना समोरच्याचा पेटंटवरचा सक्तीचा प्रतिदावाही (त्याच वादातून आलेला, त्याच खटल्यात करावाच लागणारा उलट दावा) धरतात. तेव्हा करार आणि कंपनीचं उत्तर दोन्ही वकिलाला दाखवा. मित्राला नको.

प्रश्न : पेटंट अर्ज फेटाळला गेला, तर थेट फेडरल सर्किटमध्ये नेण्याचं 'पॅकेज' एक कंपनी देते. घेऊ का?

उत्तर : पाकीट खिशात ठेवा. परीक्षकाच्या नकारावर आधी पेटंट ऑफिसच्याच बोर्डाकडे जावं लागतं. नोंदणीकृत पेटंट वकिलाला विचारा.

प्रश्न : केंद्र सरकारच्या नोकरीतून काढलं. मेरिट सिस्टिम्स बोर्डानेही अंतिम निर्णयात अपील फेटाळलं. सुट्टीत भारतात जाऊन आल्यावर पाहिलं तर चालेल?

उत्तर : फेडरल सर्किटसाठी ६० दिवस असतात. पण नोकरी भेदभावामुळे गेली असा तुमचा मुद्दा असेल, तर वाट डिस्ट्रिक्ट कोर्टाची आणि दिवस फक्त ३०. यातली तुमची वाट कोणती, हे तिकीट काढण्याआधी वकिलाकडून ठरवून घ्या.