नाशिकमध्ये झेरॉक्सवाल्याला आधारची पीडीएफ व्हॉट्सॅपवर पाठवणं सेफ आहे का?

पूर्ण आधार पाठवू नका, मास्क्ड आधार पाठवा, त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे 4 च दिसतात, यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साइटवरून फुकट डाउनलोड होतं. व्हॉट्सॅपचं एन्क्रिप्शन (मेसेज कुलूपबंद करून पाठवणं) 2016 पासून आहे, ते बरोबरच, पण ते फक्त रस्त्यात राखण करतं हो, पलीकडे फाइल उघडली की संपलं. मी सीबीएस बसस्टँडजवळ अशाच एका काउंटरवर बसायचो, दिवसभर व्हॉट्सॅप वेब चालू आणि डाउनलोड्सच्या फोल्डरात आधार, पॅन, सातबारा, कोणाकोणाचे मार्कशीट, सगळं महिनोन्महिने तसंच पडलेलं, मुद्दाम नाही, डिलीट करायला वेळ कोणाला! तुम्ही 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी डाउनलोड झालेली कॉपी जात नाही. त्यामुळे प्रिंट निघाली की तिथंच उभं राहून फाइल उडवायला लावा, रिसायकल बिनमधूनसुद्धा, आणि पीडीएफचा पासवर्ड चॅटमध्ये टाकू नका, स्वतः टाईप करा (नावाची पहिली 4 अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, म्हणजे ओळखीच्या माणसाला तो तसाही सुचेल). फक्त एक, काही सरकारी योजनांच्या अर्जाला पूर्ण नंबर लागतो, तेव्हा प्रिंट घरूनच काढून न्या.