‘अबाइड विथ मी’ या गीताचे रचनाकार नेमके कोण, लाइट की मंक?

आपण विचारले आहे की, गांधीजींना प्रिय असलेल्या आणि ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात अनेक वर्षे वाजलेल्या ‘अबाइड विथ मी’ या गीताखाली कुठे हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे नाव आढळते, तर कुठे विल्यम हेन्री मंक यांचे. मग त्यांतले खरे रचनाकार कोण? दोन्ही नावे बरोबर आहेत. शब्द लाइट यांचे, चाल मंक यांची. मात्र दोघांनी एकत्र बसून हे गीत सिद्ध केले, असे कृपया समजू नका. लाइट वारले तेव्हा मंक चोवीस वर्षांचे होते आणि ती चाल छापली जायला अजून चौदा वर्षे जायची होती.

लाइट हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावी, वीस वर्षांहून अधिक काळ धर्मोपदेशक होते. क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १८४७च्या सप्टेंबरात मंडळीपुढे, म्हणजे आपल्या चर्चच्या उपासकांपुढे, अखेरचे प्रवचन करून ते हवापालटासाठी इटलीकडे निघाले आणि २० नोव्हेंबरला वाटेतच, नीस येथे, त्यांचे निधन झाले. निघण्यापूर्वी त्यांनी हे गीत घरच्यांच्या हाती दिले, अशी त्यांच्या कुटुंबीयांची आठवण आहे. गीताचे बीज बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे. अम्माऊस गावाच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी सोबत्याला, म्हणजे न ओळखलेल्या येशूलाच, त्याचे दोन शिष्य आग्रहाने थांबवून घेतात. संध्याकाळ होत आली आहे, आमच्याबरोबर राहा, असे विनवतात. त्या दोघांचे ‘आमच्याबरोबर’ लाइट यांनी ‘माझ्याबरोबर’ केले, आणि तेवढ्याने प्रवासातली संध्याकाळ आयुष्याची संध्याकाळ झाली. या शब्दांना त्यांनी स्वतः चालही लावली होती. ती टिकली नाही.

१८६१ साली ‘हिम्स एन्शंट अँड मॉडर्न’ हे गीतपुस्तक निघाले. त्याच्या संगीताची बाजू मंक सांभाळत होते आणि या गीतासाठी त्यांनी स्वतःच चाल बांधली. तिचे नाव ‘ईव्हनटाइड’, म्हणजे सांजवेळ. आमच्या मंडळीत मी बरीच वर्षे पेटी वाजवतो, त्यामुळे ही चाल माझ्या बोटांना पाठ आहे. ‘अबाइड विथ मी; फास्ट फॉल्स द ईव्हनटाइड’ ही पहिली ओळ अशी जाते : ग ग रे सा, प, ध प प म ग. ‘मी’ हा इंग्रजी शब्द, म्हणजे ‘माझ्या’, षड्जावर येऊन टेकतो. लगेच सूर पंचमावर उठतो आणि ‘ईव्हनटाइड’ या शब्दाबरोबर पायरीपायरीने उतरत गंधारावर थांबतो. षड्जापर्यंत तो येत नाही, म्हणून ओळ संपली तरी विनवणी संपलेली वाटत नाही. इतकी साधी आणि इतकी नेमकी चाल मला दुसरी माहीत नाही.

एकाच्या शब्दांना दुसऱ्याची चाल कशी बसते, याचे उत्तर या गीतपुस्तकांच्या रचनेतच आहे. प्रत्येक गीताच्या ओळींचे माप आकड्यांत दिलेले असते. या गीताचे माप १०.१०.१०.१०, म्हणजे प्रत्येक ओळीत दहा उच्चार. त्या मापाची कोणतीही चाल त्या मापाच्या दुसऱ्या गीताला लावून पाहता येते, म्हणून चालीला गीताहून वेगळे नाव ठेवण्याची पद्धत पडली. आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले शब्द छापलेले असत, त्याच जातीची ही सोय आहे. या इंग्रजी मापांत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्वदीर्घाची फार ओढाताण होते, हे मी दर रविवारी अनुभवतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांची गीते आपल्याच अभंगाच्या आणि पदांच्या वळणाने जातात, म्हणून ती तोंडात सहज बसतात.

लाइट आणि मंक यांच्यासारख्या जोड्या त्या शतकात पुष्कळ आहेत. ‘होली, होली, होली’चे कवी रेजिनाल्ड हीबर हे कलकत्त्याचे बिशप होते आणि १८२६ साली तिरुचिरापल्लीत वारले, त्या गीताची ‘नायसिया’ ही चाल बांधणारे जॉन बॅकस डाइक्स तेव्हा तीन वर्षांचे होते. ‘लीड, काइंडली लाइट’ हे गांधीजींचे दुसरे आवडते गीत. जॉन हेन्री न्यूमन यांनी ते १८३३ साली समुद्रप्रवासात लिहिले आणि डाइक्स यांनी १८६५ साली त्याला चाल दिली. हे गीत लोकप्रिय झाले ते चालीमुळे, असे न्यूमन स्वतः म्हणाल्याचे सांगतात. कवीने एवढा मोकळेपणा दाखवावा, याचे मला मोठे अप्रूप वाटते. अमेरिकेत मात्र उलटाही क्रम दिसतो. १८७३ साली फीबी नॅप यांनी आपली नवी चाल फॅनी क्रॉस्बी या अंध कवयित्रीला वाजवून दाखवली आणि ही चाल काय म्हणते, असे विचारले. त्यातून ‘ब्लेसेड अ‍ॅशुअरन्स’ जन्मले.

आता श्रेय कोणाला द्यायचे, ते पाहू. ‘बीटिंग रिट्रीट’मध्ये २०२२पासून ही धून वगळली गेली, पण त्यापूर्वी विजय चौकात जे ऐकू येई ते सैनिकी बँडचे वादन होते; त्यात शब्द नव्हते. म्हणून तेथे नाव मंक यांचेच हवे. गीताचा नुसता मजकूर छापला असेल तर लाइट यांचे लिहावे, आणि कोणी गात असेल तर दोघांचेही.