मिरगाच्या एका सरीवर पेरलं, आता दुकानदार म्हणतो पुन्हा पेरा : सोयाबीनच्या प्रश्नांना उत्तरं

मंडळी, जुलैचा दुसरा आठवडा चालूय आणि फोन काही थांबत नाहीये. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकदाच लिहितोय. बेसिक तुम्हाला माहितीये, ते परत सांगत नाही.

प्रश्न : 12 जूनला पाऊस झाला, सोयाबीन पेरली, निम्मी पण उगवली नाही. दुकानदार म्हणतो बियाणं जरा जास्त घ्या आणि लगेच दुबार पेरा.

दादा, पाऊस झाला म्हणजे किती झाला? विचारलं तर म्हणाले "चांगला झाला, ओढा वाहिला". ओढा वाहिला म्हणजे पाणी वाहून गेलं, जमिनीत किती मुरलं ते सांगा. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायची नाही हे परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी घसा फोडून सांगतं, आणि दरवर्षी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर दिसला की आपली पण तिफण निघते. महसूल मंडळात पावसाचं यंत्र बसलंय ते खरंय, पण मंडळात 60 पडतो आणि तुमच्या शिवारात 20, हे मी डोळ्याने बघितलंय. सरळ बाजूचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा. दहा रुपयाचं पण काम नाही.

आता दुबारचं. पेरायच्या आधी वरची माती उकरून बघा, बी कुजलंय का, मोड येऊन वाळलंय का, का नुसतंच कोरडं पडलंय. कोरडं असेल तर थांबा, पाऊस आला की उगवेल. कुजलं असेल तर जास्त खोल गेलं असेल किंवा बियाणंच कमी उगवणीचं असेल. 3-4 सेंमीच्या खाली सोयाबीन टाकायची नाही. आणि दुकानातून नवी बॅग आणली तरी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, 70 च्या वर उगवले तरच पेरा. 2019 च्या ऑक्टोबरात सोयाबीन भिजली आणि 2020 ला न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला, तेव्हा बॅगेवरचं लेबल कुणाच्या कामाला आलं नाही. "बियाणं जास्त टाका" हा सल्ला देणाऱ्याला बियाणं विकायचं असतं, एवढं डोक्यात ठेवा.

प्रश्न : अजून पेरणीच नाही झाली. आता काय पेरू?

15 जुलैपर्यंत सोयाबीन चालेल, तुरीबरोबर घ्या, चार ओळी सोयाबीन दोन ओळी तूर. मूग-उडदाची वेळ गेली, नाद सोडा. 15 च्या पुढे गेलात तर कापूस, संकरित ज्वारी, भुईमूग नको, बाजरी-तूर, सूर्यफूल, तीळ, एरंडी याच्याकडे वळा. हे माझ्या मनाचं नाही. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार लांबला तर काय, असा जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडा हैदराबादच्या CRIDA या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांना बरोबर घेऊन केलेला आहे. दुकानात मात्र शिल्लक राहिलेलं कपाशीचं पाकीट "लेट वाणाचं आहे, चालतंय" म्हणून खपवतात. नाही चालत.

प्रश्न : साहेब ही विद्यापीठवाली, आयआयटीवाली, हवामानवाली माणसं येतात, मिटिंग घेतात, फोटो काढतात. आम्हाला काय मिळालं?

राग खोटा नाही, मीच अशा कितीतरी मिटिंगांना बसलोय जिथे चहा आधी संपला आणि मुद्दा राहून गेला. पण एक सांगतो. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आलं 2018 ला, जागतिक बँकेच्या कर्जातून, 15 जिल्ह्यांतली 5,142 गावं, त्यात 932 पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. तुम्हाला आठवतं ते शेततळं आणि स्प्रिंकलरचं अनुदान. मला त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते ती गावाचा पाण्याचा ताळेबंद. पडला किती, वाहून गेला किती, मुरला किती, पिकाला लागणार किती, हा हिशोब आयआयटी मुंबईच्या मंडळींनी बसवून दिला, तोही जमिनीच्या प्रकाराप्रमाणे. ज्या गावात ग्राम कृषी संजीवनी समितीने तो कागद भिंतीवर लावून वाचला तिथे लोक नवी बोअर घ्यायच्या आधी दोनदा विचार करायला लागले. जिथे कपाटात गेला तिथे गेला. तुमच्या गावचा कुठे आहे ते समितीला विचारा, तुमचा हक्क आहे. अनुदानाचं म्हणाल तर घटक, अटी, कागदपत्रं सगळं कृषी सहायकाकडे आहे, इथे लिहीत बसलो तर हेच लांबेल.

हवामानाचं बुलेटिन मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं, परभणीहून. कृषी विज्ञान केंद्रांतली (केव्हीके) जिल्हा हवामान युनिटं 2024 ला बंद केली, ते चुकलंच असं माझं मत आहे, पण बुलेटिन चालू आहे. मेघदूत ॲपवर बघा, वीज पडायच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा "येत्या 48 तासात धुवांधार" बघून फवारणी उरकू नका.

प्रश्न : सोयाबीन 20 दिवसांची आहे, पिवळी पडलीय. दुकानदाराने युरिया, एक टॉनिक, बुरशीनाशक, अळीचं औषध सगळं एकत्र मारायला दिलं.

मारलं नसेल तर मारू नका. मारू नका. आधी झाड बघा. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की होतेच. आधी साचलेलं पाणी काढा, वाफसा आला की निम्मी पानं आपोआप हिरवी होतात. नाहीच झाली तर फेरस सल्फेट अर्धा टक्का, थोडी चुन्याची निवळी घालून, एवढंच. पण एखाद-दुसऱ्या झाडावर हिरवे-पिवळे ठिपके विखुरलेले दिसले तर तो मोझॅक, पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूचा रोग, असू शकतो, 2023 ला किती नुकसान झालं आठवतंय ना. अशी झाडं उपटून पुरा आणि पांढरी माशी आहे का बघा.

युरिया तर बिलकुल नको. सोयाबीनच्या मुळावर गाठी असतात, ती नत्र स्वतः बनवते, वरून युरिया फेकला की झाड माजतं, अळीला मेजवानी आणि शेंगा कमी. आणि चार औषधं एका पंपात मिसळायची ही दुकानदाराची खोड आहे, कारण चार बाटल्या जातात. 2017 ला यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. लेबलवर सोयाबीनचं नाव नसेल तर ते औषध सोयाबीनवर जात नाही, दुकानदार काहीही म्हणो.

तणनाशकाचं पण तेच. इमाझेथापायर एकरी 400 मिली, 200 लिटर पाण्यात, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 मिली आणि एकराला 13-14 पंप. तुम्ही मारता सात पंप आणि दुकानदार सांगतो "पंपाला 60 घ्या". कागदावर हिशोब जुळतो, रानात सोयाबीन करपते. तण दोन-चार पानांवर असताना, ओल असताना, 15 ते 20 दिवसांत. तण गुडघ्याला लागल्यावर डबल डोस मारून तण मरत नाही, पीक आखडतं.

प्रश्न : पाऊस गेला तर 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) मारू का?

खंड 10-12 दिवसांच्या पुढे गेला तर मारा, 10 लिटरला 100 ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. 300 ग्रॅम सांगणारे भेटतील, पानं करपली की तेच दुसरं टॉनिक देतील. त्याच्या आधी कोळपा. एक कोळपणी अर्धं पाणी, ही म्हण आजोबांची आहे, फुकट आहे म्हणून तिला किंमत नाही.

आणि आता माझा नेहमीचा हट्ट. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानं तळी झाली. तेच रान, तोच शेतकरी. दोन्हीकडे थोडंफार सावरतं ते बीबीएफ, रुंद सरी वरंबा. वरंब्यावर चार ओळी, बाजूला सरी, कमी पावसात सरीत पाणी मुरतं आणि जास्त पावसात तिच्यातूनच बाहेर पडतं, फक्त सरीचं तोंड खाली मोकळं पाहिजे. बियाणं एकरी 20-22 किलोत भागतं, सपाटाला 30 जातं. नदीच रानात घुसली तर बीबीएफ पण काही करू शकत नाही, तेही खरं. पेरून झाली असेल तर दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी गुंडाळून एक सरी पाडा, महिन्याच्या आत, आणि उताराला आडवी. दुबार पेरणारे मात्र सपाट पेरू नका. गावच्या शेतकरी गटाकडे यंत्र असेल तर आजच नाव लावून ठेवा, वाफसा झाल्यावर फोन केला की ते दुसऱ्याच्या रानात असतं.